प्रभारी साहेबांची सही चालते का?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या सोडतीबद्दल लिहिताना मी ओघात म्हटलं होतं, की असाच एक नियम २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने रद्द केला होता, कारण तो मंजूर करणारे मंत्री त्या खुर्चीवर कायदेशीररीत्या बसलेलेच नव्हते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला देते आहे. मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करते, त्यामुळे उदाहरणं माझ्या टेबलावरचीच जास्त येतील.

प्रश्न : ताई, माझा मुलगा टेक्सासमध्ये एम.एस. करून नुकताच नोकरीला लागलाय. त्याचं नाव यंदा सोडतीत आहे. तुमचं वाक्य वाचून मी चक्रावले. मंत्रीच बेकायदा? इतक्या मोठ्या देशात असं चालतं कसं? आणि तेव्हा रद्द झालेला नियम आता पुन्हा कसा आला? (एक आई, कोथरूड)

काकू, आधी नियम सांगते. दर वर्षी कोट्यातले ८५,००० एच-वन-बी निघतात. त्यातले ६५,००० सर्वसाधारण आणि २०,००० अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढचं शिकलेल्यांसाठी. अर्ज कितीतरी जास्त येतात, म्हणून सोडत. ८ जानेवारी २०२१ रोजी होमलँड सिक्युरिटी, म्हणजे इमिग्रेशन सांभाळणाऱ्या अंतर्गत सुरक्षा खात्याने राजपत्रात नियम छापला : सोडत बंद, ज्याचा पगार वरच्या पातळीचा त्याचा नंबर आधी. पगाराच्या चार पातळ्या असतात. नुकती नोकरीला लागलेली मुलं बहुधा पहिल्या पातळीवर असतात. त्यांच्यापर्यंत व्हिसा जवळपास पोचलाच नसता.

त्या नियमाच्या अगदी शेवटी एक छोटा परिच्छेद आहे. प्रभारी मंत्री चॅड वुल्फ यांनी हा दस्तऐवज तपासून मंजूर केला असून, राजपत्रासाठी इलेक्ट्रॉनिक सही करण्याचा अधिकार त्यांनी खात्यातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याला दिला आहे, असं त्यात म्हटलंय. लोक पगाराच्या तक्त्यावर भांडत होते. सगळा नियम कोसळला तो या परिच्छेदातल्या 'प्रभारी' या शब्दाखाली.

अमेरिकेत मंत्री राष्ट्राध्यक्ष निवडतो, पण सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, मतदान करून मंजुरी दिल्याशिवाय तो त्या पदावर बसत नाही. सिनेटच्या समितीपुढे त्याला शपथेवर उत्तरं द्यावी लागतात. त्याचे पैशाचे व्यवहार, जुनी भाषणं, सगळं चाळलं जातं. वुल्फ यांनाही सिनेटने मंजूर केलं होतं, पण ते धोरणविभागाच्या खालच्या पदासाठी. मंत्र्याच्या खुर्चीवर ते नोव्हेंबर २०१९ पासून जवळपास चौदा महिने फक्त 'प्रभारी' म्हणून होते.

प्रभारी नेमणं गैर नाही. मंत्री अचानक गेला तर खातं बंद ठेवता येत नाही. कोण कोणानंतर बसणार याचा क्रम मात्र आधीच लिहून ठेवलेला असतो. गडबड झाली एप्रिल २०१९ मध्ये. मंत्री कर्स्टन नील्सन यांनी राजीनामा दिला आणि जाताना त्या क्रमात बदल केला. खात्याच्या आदेशात दोन प्रसंग वेगवेगळे धरले होते : मंत्री वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर काय, आणि मोठ्या आपत्तीमुळे तो काम करू शकत नसेल तर काय. नील्सन यांनी बदलली ती आपत्तीसाठीची यादी. पद रिकामं झालं होतं राजीनाम्याने. राजीनाम्याच्या क्रमाप्रमाणे त्या दिवशी नंबर लागत होता सायबर सुरक्षेचे प्रमुख ख्रिस्तोफर क्रेब्स यांचा. बसले सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाचे केविन मॅकअलीनन. पुढे मॅकअलीनन यांनी नोव्हेंबरमध्ये जाण्यापूर्वी तो क्रम पुन्हा बदलला आणि वुल्फ यांना जागा करून दिली. ज्यांचा स्वतःचाच हक्क कच्चा होता, त्यांनी पुढच्याला हक्क दिला.

सरकारचं म्हणणं असं, की नील्सन यांच्या मनात मॅकअलीनन हेच होते. त्यांना शपथही नील्सन यांनीच दिली. मग यादीच्या चुकीचा इतका बाऊ कशाला? हे म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. तरी मला ते पटत नाही. सत्ता कोणाकडे जाते हे सांगणारा कागद असेल, तर कागदात लिहिलंय तेच धरावं लागतं, नाहीतर उद्या कोणीही म्हणेल की साहेबांच्या मनात माझंच नाव होतं. काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने १४ ऑगस्ट २०२० रोजी हेच लेखी कळवलं, आणि त्यानंतर एकामागून एक जिल्हा न्यायाधीशांनीही हेच म्हटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश निकोलस गरौफिस यांनी लहानपणी अमेरिकेत आणलेल्या मुलांच्या डाका योजनेला कात्री लावणारा वुल्फ यांचा आदेश याच मुद्द्यावर निकामी ठरवला. तुमच्या मुलाशी संबंधित नियम कॅलिफोर्नियातले न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी १५ सप्टेंबर २०२१ रोजी रद्द केला. पगाराप्रमाणे व्हिसा देणं बरं की वाईट, यात शिरण्याची त्यांना गरजच पडली नाही.

आता पुन्हा कसा आला? रद्द झाली होती ती वुल्फ यांची मंजुरी. कल्पनेवर बंदी आलेली नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये खात्याने नवा नियम काढला, तो २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू आहे. त्यात सोडत ठेवली आहे, पण चौथ्या पातळीच्या पगारवाल्याच्या नावाच्या चार चिठ्ठ्या, तिसऱ्याच्या तीन, दुसऱ्याच्या दोन आणि पहिल्याची एक. नियम निघाला तेव्हा मंत्रिपदावर क्रिस्टी नोएम होत्या, आणि त्यांना सिनेटने जानेवारी २०२५ मध्ये रीतसर मंजूर केलेलं होतं. म्हणून यावेळी जुना मुद्दा कामाचा नाही. लढायचं तर नियमाच्या मजकुरावर लढावं लागेल. मुलाला एवढंच सांगा की कंपनीने अर्जात त्याच्या पगाराची कोणती पातळी लिहिली आहे हे एचआरला विचारून घे. कित्येक मुलांना ती ठाऊकच नसते.

प्रश्न : आम्ही दोघांनी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नागरिकत्वाचे अर्ज भरले आणि पुढे शपथही घेतली. त्या काळात खात्याचे प्रमुखच बेकायदा होते, तर आमचं नागरिकत्व कच्चं आहे का? मुलं चेष्टा करतात, पण रात्री झोप लागत नाही. (नवरा-बायको, एडिसन, न्यू जर्सी)

निर्धास्त झोपा. तुमचं नागरिकत्व पक्कं आहे.

तुमचे अर्ज तपासले, मुलाखत घेतली, मंजुरी दिली ती स्थानिक कार्यालयातल्या नोकरीवरच्या अधिकाऱ्यांनी. त्यांची नेमणूक कोणा प्रभारी मंत्र्यावर अवलंबून नव्हती. शिवाय कायद्याचं एक जुनं तत्त्व आहे : लोकांच्या नजरेत जो त्या पदावर बसून काम करत होता, त्याची कामं नंतर नेमणुकीत दोष निघाला म्हणून आपोआप शून्य होत नाहीत. तसं केलं तर लग्नाच्या नोंदीपासून जमिनीच्या कागदापर्यंत काहीच टिकणार नाही. ज्याला त्या अधिकाऱ्याच्या निर्णयाने नुकसान झालं आणि ज्याने वेळेत कोर्टात हरकत घेतली, त्याला मात्र दाद मिळते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या रायडर खटल्यात हे स्पष्ट केलंय. तुमचं नुकसान झालेलं नाही, फायदा झालाय.

आणि फायदा खरोखरच झालाय, कदाचित तुमच्या लक्षात नसेल. नागरिकत्वाच्या अर्जाची फी बोटांच्या ठशांसकट ७२५ डॉलर होती. २ ऑक्टोबर २०२० पासून कागदी अर्जाला ती १,१७० होणार होती. एका माणसामागे ४४५ डॉलरची वाढ, नवरा-बायकोला ८९०. तो सप्टेंबर मला चांगला आठवतो. कोविडने अनेकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. मास्क लावलेली माणसं ऑफिसच्या काचेबाहेर उभी राहून फॉर्मवर सह्या करत होती. एका गृहस्थांनी मनी ऑर्डर काढल्या होत्या, पण बायकोचा अर्ज पुढच्या वर्षी भरू म्हणाले. दोघींची फी, म्हणजे बायकोची आणि आईची, एकदम जमत नव्हती. ज्या बाईने सोळा-सतरा वर्षं कर भरलाय तिने मतदानाच्या हक्कासाठी पैशापायी थांबायचं, हे मला सहन होत नव्हतं. २९ सप्टेंबरला, वाढ लागू व्हायला तीन दिवस राहिले असताना, याच न्यायाधीश व्हाइट यांनी ती थोपवली. मॅकअलीनन आणि वुल्फ यांच्या नेमणुका वैध नसण्याची शक्यता दाट आहे, हे त्या आदेशामागचं एक प्रमुख कारण होतं. ती १,१७० ची फी कोणालाच भरावी लागली नाही. पुढे एप्रिल २०२४ मध्ये वाढ झाली ती सिनेटने मंजूर केलेल्या मंत्र्यांच्या कारकिर्दीत, आणि तीही कागदी अर्जाला ७६० वर थांबली.

प्रश्न : मॅडम, मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते असं स्वच्छ लिहिलंय. मग प्रभारी ही सगळी पद्धतच घटनाबाह्य नाही का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

छान प्रश्न. याचं उत्तर बँकॉकमध्ये सापडतं.

१८९२ साली सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी आणि महावाणिज्यदूत होते सेम्प्रोनियस बॉइड. ते आजारी पडले आणि त्यांना मायदेशी परतावं लागलं. जाताना त्यांनी लुईस ईटन नावाच्या तिथल्याच एका मिशनऱ्याकडे दूतावासाचा कारभार सोपवला. वॉशिंग्टनहून माणूस पाठवायचा तर बोटीचा प्रवास, आणि सिनेटची मंजुरी त्याआधी. ईटन यांनी दहाएक महिने कारभार पाहिला आणि पगार मागितला. तिथून वाद सुरू झाला : ज्याला सिनेटने पाहिलंही नाही त्याला महावाणिज्यदूताचा पगार द्यायचा कशाच्या आधारावर? १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ईटन यांच्या बाजूने निकाल दिला. विशेष आणि तात्पुरत्या परिस्थितीत, मर्यादित काळासाठी वरिष्ठाचं काम केलं म्हणून कनिष्ठ माणूस वरिष्ठ अधिकारी होत नाही, आणि म्हणून सिनेटची संमती लागत नाही, असा त्याचा आशय. आजही प्रभारी नेमणुकीची बाजू मांडणारा प्रत्येक सरकारी वकील ईटनचा दाखला देतो. त्यातलं 'तात्पुरत्या' आणि 'मर्यादित' यावर तो सहसा थांबत नाही. तू थांब.

किती तात्पुरतं, हे काँग्रेस पहिल्यापासून ठरवत आली आहे. १७९५ च्या कायद्यात सहा महिने होते. १८६८ मध्ये ते दहा दिवसांवर आणले, १८९१ मध्ये तीस, १९८८ मध्ये १२०. आज लागू आहे तो १९९८ चा रिक्तपदांचा कायदा, त्यात २१० दिवस. सरकार नवं असेल तर सुरुवातीच्या रिक्त पदांना ३००. राष्ट्राध्यक्षाने सिनेटकडे नाव पाठवलं की ते प्रलंबित असेपर्यंत प्रभारी राहता येतं. हा कायदा का आला तेही बघ. क्लिंटन यांनी बिल लॅन ली यांना न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागासाठी निवडलं, सिनेटने मंजुरी अडवली, आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्यांना प्रभारी म्हणून बसवलं गेलं. सिनेटच्या तोंडावर दार लावल्यासारखं ते होतं. क्लिंटन यांच्याच पक्षाचे रॉबर्ट बर्ड आणि विरोधी पक्षाचे फ्रेड थॉम्पसन यांनी मिळून नवा कायदा रेटला.

या कायद्याने प्रभारी होण्याच्या तीन वाटा ठेवल्या. रिकाम्या पदाचा पहिला सहायक आपोआप प्रभारी होतो. किंवा राष्ट्राध्यक्ष सिनेटने दुसऱ्या कुठल्या पदासाठी मंजूर केलेला माणूस आणू शकतो. किंवा त्याच खात्यातला वरच्या वेतनश्रेणीतला, आधीच्या वर्षात निदान ९० दिवस काम केलेला अधिकारी. तिसरी वाट मला धोक्याची वाटते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, जेफ सेशन्स गेले तेव्हा सिनेटने मंजूर केलेले उपप्रमुख रॉड रोझेनस्टाइन हजर असताना सेशन्स यांचे चीफ ऑफ स्टाफ मॅथ्यू व्हिटेकर देशाचे प्रभारी ॲटर्नी जनरल झाले, ते याच वाटेने. न्याय खात्याने समर्थनासाठी जुनी दप्तरं उलटली; तेव्हा सिनेटच्या मंजुरीशिवायचा प्रभारी ॲटर्नी जनरल त्यांना सापडला तो थेट १८६६ सालचा. कायद्याच्या शब्दांत व्हिटेकर बसत होते हे मी मान्य करते. बँकॉकच्या तर्कात ते बसत नाहीत, असं माझं मत आहे : तिथे दुसरा माणूस नव्हता, इथे शेजारच्या खोलीत होता. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी २०१७ मध्येच स्वतंत्र मत नोंदवून म्हटलंय, की इतक्या वरच्या पदावर सिनेटशिवाय प्रभारी नेमणं घटनेत बसत नाही. बहुमताने तो प्रश्न अजून हातात घेतलेला नाही.

ते मत ज्या खटल्यात आलं तो जरूर वाच. ॲरिझोनातल्या एका ॲम्ब्युलन्स कंपनीने जुन्या कर्मचाऱ्यांचा दीर्घसेवेचा भत्ता बंद केला. कामगारविषयक राष्ट्रीय मंडळाचे प्रभारी महावकील लेफ सॉलोमन यांच्या काळात कंपनीवर कारवाई झाली. ओबामांनी सॉलोमन यांचं नाव कायमच्या नेमणुकीसाठीही पाठवलं होतं, आणि १९९८ चा कायदा म्हणतो की नाव पाठवलेला माणूस, काही अपवाद सोडता, त्याच पदावर प्रभारी राहू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मला कामगारांचं वाईट वाटलं, निकाल बरोबर वाटला. तू वकील होणार आहेस, तर दोन्ही एकाच वेळी वाटू दे.

आणि कायद्याचा कच्चा दुवा : बेकायदा प्रभारी अधिकाऱ्याचं काम निष्प्रभ ठरतं आणि नंतर कोणी ते पक्कंही करू शकत नाही, असं तो बजावतो, पण हे फक्त त्या कामांना, जी कायद्याने त्याच एका पदाला नेमून दिली आहेत. बाकीची कामं दुसऱ्याकडे 'सोपवता' येतात. म्हणून प्रभारी ही पाटी काढायची आणि त्याच माणसाकडे सगळे अधिकार सोपवायचे, अशी युक्ती दोन्ही पक्षांची सरकारं करतात. ही पळवाट बुजवायला हवी, आणि ते काँग्रेसनेच करायला हवं.

प्रश्न : आमच्या न्यू जर्सीत अलीना हब्बा प्रकरणात नक्की काय झालं? बातम्या वाचून डोकं भणाणलं. (वाचक, पार्सिपनी)

तारखा लावून घेतल्या की सोपं होतं. जानेवारी २०२५ मध्ये न्यू जर्सीचे यू.एस. ॲटर्नी, म्हणजे केंद्र सरकारचे जिल्ह्यातले मुख्य फौजदारी वकील, फिलिप सेलिंजर यांनी पद सोडलं. पहिले सहायक विकास खन्ना आपोआप प्रभारी झाले. इथवर सरळ. मार्चमध्ये आधी जॉन जिओर्डानो आणि मग ट्रम्प यांच्या एकेकाळच्या खासगी वकील हब्बा यांना हंगामी म्हणून नेमण्यात आलं. हंगामी नेमणुकीचा कायदा वेगळा आहे : ॲटर्नी जनरल १२० दिवसांसाठी नेमू शकतो, पुढे तिथले न्यायाधीश नेमतात. हब्बा यांचं नाव सिनेटकडे गेलं, पण न्यू जर्सीच्या दोन्ही सिनेटरांचा विरोध होता. २२ जुलैला न्यायाधीशांनी कार्यालयातल्या पहिल्या सहायक डिझिरी ग्रेस यांना निवडलं. त्याच दिवशी ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी ग्रेस यांना काढून टाकलं. मग हब्बा यांचं नाव सिनेटमधून मागे घेतलं, त्यांनी हंगामी पदाचा राजीनामा दिला, त्यांना पहिल्या सहायक केलं, आणि पहिली सहायक म्हणून त्या प्रभारी झाल्या.

पेनसिल्व्हेनियाहून आणलेले न्यायाधीश मॅथ्यू ब्रॅन यांनी २१ ऑगस्टला सांगितलं, की १ जुलैपासून त्यांना अधिकार नव्हता. १२० दिवस जिओर्डानो यांच्यापासूनच मोजायचे. १ डिसेंबरला तिसऱ्या सर्किटच्या अपील कोर्टातल्या तिन्ही न्यायाधीशांनी ते एकमताने कायम केलं. पद रिकामं झालं त्या वेळी जो पहिला सहायक होता तोच आपोआप प्रभारी होतो; नंतर आणून बसवलेला नाही. त्या तिघांतले दोघे धाकट्या बुश यांनी नेमलेले आहेत, म्हणून हे पक्षाचं राजकारण म्हणून झटकू नका. आठवड्याभरात हब्बा पायउतार झाल्या.

आरोपींचे खटले मात्र ब्रॅन यांनी रद्द केले नाहीत, कारण ते इतर सरकारी वकिलांनीही चालवले होते. व्हर्जिनियात उलट झालं. तिथे लिंडसे हॅलिगन यांनी एकटीनेच एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्यावरचे आरोप ज्युरीपुढे नेले होते. त्यांची हंगामी नेमणूकच अवैध ठरल्यावर २४ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन्ही खटले बरखास्त झाले.

मला टोचतं ते ग्रेस यांचं जाणं. सिनेट महिनोन् महिने नावं अडवून धरते, ही राष्ट्राध्यक्षांची तक्रार खोटी नाही. पण न्यायाधीशांनी कायद्याने मिळालेल्या अधिकारात माणूस निवडायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी जायची, यात कोणत्याही पक्षाचं भलं नाही.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. आपल्याकडेही प्रभारी महासंचालक असतच की. फरक काय? (वाचक, नागपूर)

फरक असा, साहेब, की आपल्याकडे अशा नेमणुकीला विधिमंडळाची मंजुरी लागतच नाही. त्यामुळे ती चुकवण्याचाही प्रश्न येत नाही. पोलीस महासंचालकासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाने ज्येष्ठांतून तीन नावं काढायची आणि राज्याने त्यातलं एक घ्यायचं, हा क्रम प्रकाश सिंह खटल्यातून आला. ३ जुलै २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने राज्यांना प्रभारी महासंचालक नेमूच नका असं बजावलं. तरी महाराष्ट्रात २०२१ मध्ये संजय पांडे प्रभारी होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आयोगाच्या यादीतले रजनीश सेठ यांची नेमणूक झाली. मधल्या काळातले आदेश टिकतात का, असं तुम्ही पुढे विचारलंय. टिकतात. पदावर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे निर्णय नेमणुकीतल्या दोषाने कोसळत नाहीत, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने गोकाराजू रंगराजू खटल्यात १९८१ मध्येच मान्य केलंय.

प्रश्न : माझ्या विरोधात गेलेल्या एका निर्णयावर 'प्रभारी' अशी सही आहे. हा मुद्दा काढू का? (वाचक, सिअॅटल)

निर्णय पाहिल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणार नाही, पण काय बघायचं ते सांगते. सही करणारा कोणाच्या जागी बसलाय, ती जागा कोणत्या तारखेला रिकामी झाली, तिथून किती दिवस गेले, आणि तो तीनपैकी कोणत्या वाटेने आला. आणि मुख्य म्हणजे हा निर्णय कायद्याने त्याच पदाला घ्यावा लागतो, की खालचा कोणीही घेऊ शकला असता? दुसरं असेल तर मुद्द्यात दम नाही, त्यावर फी खर्चू नका.

दम असेल तर पहिल्याच अपिलात लेखी मांडा. सांगलीच्या कोर्टात मी ज्युनियर होते तेव्हा आमचे सीनियर अधिकारक्षेत्राची हरकत पहिल्या तारखेलाच घ्यायला लावत. इथेही तसंच आहे. उशिरा सुचलेली हरकत कोर्ट बहुतेक वेळा ऐकूनच घेत नाही. अपिलाची मुदत कधी कधी फक्त तीस दिवसांची असते आणि ती निर्णयाच्या तारखेपासून धावते, म्हणून या अंकाची वाट पाहत बसला असाल तर आजच जवळच्या वकिलाला गाठा. कागद दाखवताना सगळी पानं न्या. लोक पहिलं पान तेवढं घेऊन येतात, आणि सही असते शेवटच्या पानावर.